वकिलांच्या वार्षिक उद्दिष्टांत पोटगीवाली बाई कुठे आहे?



नवे वर्ष लागले की वकिलांच्या संघटना बैठक घेऊन वर्षाची उद्दिष्टे ठरवतात. डायरी आणि कॅलेंडर छापायचे, क्रिकेटचे सामने भरवायचे, रक्तदान शिबिर घ्यायचे, ज्येष्ठ सदस्यांचा सत्कार करायचा, बाररूममध्ये एक कपाट आणायचे आणि शिल्लक उरली तर महाबळेश्वरला सहल काढायची. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, १४ एप्रिलला प्रतिमेला हार. या यादीला माझा विरोध नाही. डायरी मलाही लागते आणि रक्त तर सर्वांनाच लागते. पण ही यादी एखाद्या त्रयस्थाच्या हातात दिली, तर ती वकिलांच्या संघटनेची आहे की गृहनिर्माण सोसायटीची, हे त्याला ओळखता येणार नाही. ही माणसे वर्षभर नवरा-बायकोचे, पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे खटले चालवतात, हे तर त्याला मुळीच कळणार नाही.

मी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत कौटुंबिक खटल्यांचे काम करते. हेच काम करणारे आम्ही काही वकील अधूनमधून एकत्र बसतो. आमची नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, म्हणून नाव सांगण्यासारखेही काही नाही. यंदा जानेवारीत आम्ही वर्षाची उद्दिष्टे ठरवायला बसलो आणि वाद झाला. तो वाद इथे मांडते आहे, कारण तो वकिलांपुरता नाही. वस्तीत, वाडीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्यात वाटा आहे, आणि थोडा दोषही.

आधी आमच्या भागातली परिस्थिती सांगते. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी तो राज्य सरकारवर न्यायालय स्थापण्याचे बंधन घालतो. बाकीच्या भागांचे सरकारच्या मर्जीवर. मोठ्या शहरातल्या कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, मुलांना भेटण्याची खोली असते. तालुक्याच्या ठिकाणी बाईचा पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, कौटुंबिक हिंसाचाराचाही तिथेच. त्याच बोर्डावर चोरीचे, मारामारीचे, दारूबंदीचे, चेक न वटल्याचे खटले असतात. मूल कडेवर घेऊन बाई दाराशी उभी राहते आणि तिचा पुकारा होतो तेव्हा दुपार झालेली असते. तिला समुपदेशक नाही. तिच्या वाट्याला जे काही येते ते वकिलाकडूनच येते, म्हणून आमच्यासारख्यांच्या संघटनेने काय ठरवले आणि काय ठरवले नाही याला शहरापेक्षा इथे जास्त वजन आहे.

आमच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासात नेहमीची यादी तयार झाली. मग मी एकच प्रश्न विचारला. गेल्या वर्षी आपण मिळून ज्या बायकांना पोटगीचे आदेश मिळवून दिले, त्यांतल्या कितींच्या हातात पैसे पडले? कोणालाच सांगता येईना. आदेश किती झाले ते प्रत्येकाला ठाऊक होते. पुढचे कोणी मोजलेच नव्हते. आदेश मिळाला की वकिलाच्या लेखी केस संपते. बाईच्या लेखी ती तिथून सुरू होते.

यात एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे. जुने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. आकडा बदलला, गाभा तोच राहिला. त्यात वसुलीबद्दल एक अट आहे. पोटगीची रक्कम ज्या दिवशी देणे झाली, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. नाही केला, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

हिशेब करून बघा. दरमहा ३,००० रुपये पोटगी मंजूर झाली. नवऱ्याने दीड वर्ष एक पैसा दिला नाही. बाईला वाटते, साचू दे, एकदम मागू. कोर्टात चकरा नकोत, भाड्याला पैसे नाहीत, शिवाय मधल्या काळात सासरकडून कोणीतरी येऊन "दिवाळीनंतर देतो" म्हणून गेलेले असते. अठरा महिन्यांनी ती अर्ज करते तेव्हा ५४,००० रुपये थकलेले असतात, पण वॉरंटाच्या मार्गाने मागता येतात फक्त शेवटच्या बारा महिन्यांचे ३६,०००. उरलेले १८,००० रुपये गेले. नवऱ्याने ते खटला लढून वाचवले नाहीत. आपण दरवर्षी जे कॅलेंडर छापतो, त्याच कॅलेंडराने ते खाल्ले. आणि यावर उपाय किती साधा आहे? वेळेत एक अर्ज. तो प्रलंबित असताना पुढे थकणाऱ्या रकमेसाठी पुन्हा पुन्हा नवा अर्ज करावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांता विरुद्ध शिवनंजप्पा या प्रकरणात सांगून ठेवले आहे. एकदा वेळेत दार ठोठावले की पुढचे दार उघडे राहते.

म्हणून मी म्हटले, आपल्याला वार्षिक उद्दिष्ट हवे आहे ना? कायद्यानेच वर्ष नेमून दिले आहे. आपण ज्यांचे वकीलपत्र घेतले त्यांच्यापैकी एकाही बाईची थकबाकी या वर्षाच्या बाहेर जाऊन बुडू द्यायची नाही, हे यंदाचे पहिले उद्दिष्ट. त्यासाठी एक वही. अर्ज कधी दाखल केला, नोटीस कधी बजावली, नवऱ्याने उत्पन्नाचे शपथपत्र कधी दिले, अंतरिम आदेश कधी झाला, पहिला रुपया बाईच्या हातात कधी पडला, शेवटची रक्कम कधी मिळाली. सहा रकाने. बाकी काही नको.

यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जे म्हटले ते इथे लिहिलेच पाहिजे, कारण बोलणे खोटे नव्हते. "मॅडम, ही संघटना वकिलांची आहे, पक्षकारांची नाही. आणि माझ्याकडे निम्म्या केसेस नवऱ्यांच्या आहेत. तुमच्या वहीत मी आरोपी होणार का?"

नवऱ्यालाही वकील मिळालाच पाहिजे. त्याचे उत्पन्न फुगवून सांगितले असेल तर ते खोडून काढणे हे त्याच्या वकिलाचे काम आहे, त्याने ते जोरात करावे. बाई स्वतः नोकरी करत असेल तर तेही कोर्टापुढे यायला हवे. पण बाजू मांडणे वेगळे आणि तारीख लांबवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला बाजू म्हणत नाहीत. रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या, नागपूरच्या प्रकरणातून आला आहे. दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यायचे, उत्तरासह ते चार आठवड्यांत यायला हवे, त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे त्यात आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यातच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असे लिहिले आहे. हे सगळे वाचून बाई हसेल, आणि तिला हसण्याचा अधिकार आहे.

आता विचार करा, दोन तालुक्यांत कौटुंबिक खटले चालवणारे आम्ही मूठभर. आज मी बायकोकडून उभी आहे आणि समोर नवऱ्याकडून जो उभा आहे, तोच उद्या दुसऱ्या कोर्टात बायकोकडून उभा असतो आणि मी त्याच्यासमोर. मुदतीचे अर्ज आम्हीच देतो आणि "हरकत नाही" असे त्यावर आम्हीच लिहून देतो. न्यायाधीश कमी आहेत, समन्स बजावून येत नाही, स्टेनो रजेवर आहे, ही कारणे खरी आहेत आणि ती आमच्या हातात नाहीत. पण आमच्या हातात असलेला भाग लहान नाही. पहिल्या हजेरीलाच शपथपत्राचा नमुना समोरच्याच्या हातात द्यायचा आणि त्यासाठी दोनदाच मुदत मागायची, असे सर्वांनी मिळून ठरवले, तर त्यासाठी कुठलाही नवा कायदा लागत नाही. एकट्या वकिलाने असे ठरवले तर त्याचा नवरा-पक्षकार दुसऱ्याकडे जाईल. सगळ्यांनी ठरवले तर जाणार कुठे? संघटना लागते ती इथे. डायरी छापायला छापखाना पुरेसा आहे.

मग एका ज्युनिअर मुलाने, सगळे टाळत होते तो विषय काढला. "ताई, मला तारखेला पैसे मिळतात. तारखा कमी झाल्या तर माझं काय?"

या प्रश्नासाठी मी त्याला मानते. तो पहिल्या पिढीतला वकील आहे, वस्तीतून आलेला, ना चेंबर ना ओळखीचे बिल्डर. आपली बरीच मुले आज अशीच वकिलीत येत आहेत. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर त्यांना कामे देत नव्हते. बॅरिस्टर असूनही १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांना मिळकतीला जोड द्यावी लागली. त्यामुळे ज्युनिअरच्या पोटाचा प्रश्न क्षुद्र आहे असे मी कधी म्हणणार नाही. पण तारखेगणिक फी ही पद्धतच अशी आहे की केस लांबली की वकील जगतो आणि केस संपली की उपाशी राहतो. बाईच्या आणि तिच्या वकिलाच्या हिताची फारकत तिथेच होते. फी टप्प्यांनी ठरवा. अर्ज दाखल झाला की एक भाग, अंतरिम आदेशाला दुसरा, पुराव्याला तिसरा. आणि वसुली झाली की त्या कामाची वेगळी, आधीच ठरलेली रक्कम घ्या. वसुलीतला हिस्सा मात्र नाही, तो घेणे वकिलाला मनाईच आहे. आम्ही हे ठरवलेले नाही. तीन-चार जणांनी करून बघायचे कबूल केले, एवढेच. बाकीचे गप्प बसले. मला ती गप्प माणसे समजतात.

फीच्याच संदर्भात विधी सेवेचा कायदा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, मुलाला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुठल्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे "नाही" दोनदा वाचा, कारण आपले शिकलेले कार्यकर्तेसुद्धा बाईला उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला पाठवतात आणि तिचा एक दिवस बुडवतात. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, बस्स. "फुकटचा वकील काय कामाचा" ही लोकांची शंका मी रोज ऐकते. ती घालवायची तर चांगल्या वकिलांनी ती कामे घेतली पाहिजेत. दर सदस्याने वर्षाला किमान दोन, एवढे आमचे ठरले. मला चार हवी होती.

माझा सर्वात मोठा वाद झाला तो आदिवासींच्या प्रश्नावर, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेलेली इर्शाळवाडी खालापूर तालुक्यातलीच, ठाकरांची. अशा आपत्तीनंतर अनाथ मुलांचे पालकत्व, बेपत्ता माणसाचा मृत्यू कागदावर सिद्ध करणे, वारस नोंदी, हे सगळे कौटुंबिक कायद्याचेच काम असते. पण आमच्या व्यवसायात कौटुंबिक म्हणजे घटस्फोट, असेच धरून चालतात. आणि घटस्फोटाच्या बाबतीत, हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २(२) नुसार केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. तरी सवयीने कलम १३ चा छापील अर्ज भरला जातो. मग वर्ष-दोन वर्षांनी समोरून हरकत येते आणि बाई पुन्हा पहिल्या पायरीवर. तिच्या जमातीची रूढी काय, काडीमोड कसा होतो, त्याला साक्षीदार कोण, हे आधी विचारावे लागते आणि रूढी शाबीत करावी लागते. पोटगीचे कलम १४४ आणि हिंसाचाराचा कायदा मात्र धर्म-जात-जमात न पाहता सर्वांना लागू आहेत. वाडीवरच्या बाईसाठी सरळ रस्ता तो आहे. हे ज्ञान आम्हा सगळ्यांकडे असायला हवे. त्यासाठी अभ्यासवर्ग हवा, सत्कार नंतर.

पण माझा खरा मुद्दा वेगळा होता. मी म्हटले, आपले वर्ष जानेवारीत सुरू करू नका. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून उचल घेतलेली असते, मधेच उठून तारखेला येता येत नाही. बाईची तारीख फेब्रुवारीत पडते, ती भट्टीवर असते, समन्स वाडीवर बंद झोपडीला जाऊन परत येते, मार्चला पुन्हा गैरहजर, एप्रिलला अर्ज काढून टाकला जातो. रोजनाम्यात लिहिले जाते की अर्जदार गैरहजर, तिला प्रकरण चालवण्यात रस नाही. रस! उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट जूनमध्ये उघडते तेव्हा ती गावी असते. म्हणून आमचे वर्ष जूनला सुरू व्हावे. लावणीचे पंधरा-वीस दिवस सोडले तर जून ते ऑक्टोबर हे महिने वाडीवरच्या बायकांचे अर्ज, शपथपत्रे आणि साक्षी यांसाठी राखून ठेवायचे. दिवाळीनंतरच्या तारखांना वकिलाने हजेरी माफीचा अर्ज द्यायचा, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागायची. शिवाय हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथेही अर्ज करू शकते. म्हणजे भट्टी दुसऱ्या तालुक्यात असेल तर तिथल्या कोर्टातही.

"चार-पाच केसेससाठी सगळ्यांचं वर्ष बदलायचं का?" असा प्रश्न आला. चार-पाचच केसेस का आहेत, हाच तर प्रश्न आहे. ज्यांच्या वर्षाशी कोर्टाचे वर्ष जुळत नाही, ते कोर्टात येतच नाहीत. जानेवारीपासून मोजायचे हे कोणाचे वर्ष आहे? पगारदाराचे आणि डायरी छापणाऱ्याचे.

यातूनच वहीतला सातवा रकाना निघाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे, वहीत जात नको, आपण सगळे माणूस म्हणून पाहतो. तरुण सदस्यांनी ते मानले नाही आणि मीही मानले नाही. कोणाची केस मधेच गळते आणि कोणाची शेवटपर्यंत जाते, हे जात-जमात लिहिल्याशिवाय कधीच दिसणार नाही. न मोजलेली विषमता सगळ्यात सुखात जगते. तेव्हा ठरले असे की वहीत नाव नाही, गाव नाही, फक्त अर्जाचा क्रमांक, आणि पक्षकाराची संमती असेल तर अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर, आणि हंगामी स्थलांतर होते का.

आता आपल्या घरातले.

अॅट्रॉसिटीच्या केसची तारीख असली की निळे रुमाल घातलेली पन्नास पोरे कोर्टाच्या आवारात येतात. हे चांगले आहे, ते वाढले पाहिजे. पण त्याच वस्तीतल्या बाईची पोटगीची तारीख असते तेव्हा तिच्याबरोबर तिची आई असते, फार तर शाळेतून काढून आणलेली मुलगी. समोर नवरा येतो तो दहा जणांना घेऊन, आणि त्या दहा जणांत कधीकधी आपलेच रुमालवाले असतात. नवरा पदाधिकारी असेल तर त्याचे वकीलपत्र "चळवळीचा माणूस" म्हणून फुकट भरले जाते. बायको मात्र मंगळसूत्र मोडून फी देते. काहींना हे लिहिलेले आवडणार नाही. "आपल्यातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? विहारात बसून मिटवू." विहारात बसायला माझी हरकत नाही, कितीतरी संसार तसे सावरले आहेत. पण विहारातल्या त्या बैठकीत बाया किती असतात? आणि तिथे ठरलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर वॉरंट कोण काढणार? कागदावर लिहून घ्या, कोर्टापुढे तडजोड म्हणून दाखल करा, म्हणजे त्याचा आदेश होतो. एवढेही आपण करत नाही. गावकीने कुणाला वाळीत टाकले तर आपण २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा दाखवतो, या रायगडात तो दाखवावा लागलाही आहे. आपल्या बैठकीतून उठून कोर्टात गेलेल्या बाईशी वस्तीने बोलणे बंद केले, तर त्याला काय म्हणायचे?

कौटुंबिक कायदा हा बायकांचा किरकोळ विषय आहे, असे मानण्याची मुभा आपल्या चळवळीला नाही. हा जिल्हा कुलाबा होता तेव्हा, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र भाषण केले. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी बायको ही नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण आणि बरोबरीची असली पाहिजे, असे सांगितले. सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होते. घटस्फोट, वारसा, पोटगी या गोष्टींसाठी देशाचा कायदेमंत्री खुर्ची सोडतो आणि आपण पोटगीच्या तारखेला सोबत जायला लाजतो!

बौद्ध पद्धतीच्या लग्नांचाही एक प्रश्न आहे. हिंदू विवाह कायदा कलम २(१) प्रमाणे बौद्धांना लागू होतो. त्या नावावर आपला आक्षेप असणे साहजिक आहे, ज्यांना तो नको त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावे. पण कुठल्याही पद्धतीने करा, नोंदणी करा. गावात ग्रामपंचायतीत होते. कर्जत, खोपोली, माथेरानला नगर परिषदेत, खालापूरला नगरपंचायतीत. बौद्धाचार्यांचे प्रमाणपत्र जपून ठेवा. पोटगीच्या कामात लग्नाचा पुरावा दिवाणी दाव्याइतका काटेकोर लागत नाही. पहिले लग्न लपवून दुसरीशी लग्न करणाऱ्या नवऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या बादशाह निकालात त्याच्या स्वतःच्या लबाडीचा फायदा घेऊ दिला नाही, ते प्रकरणही महाराष्ट्रातलेच. तरी "लग्न झालेच नव्हते" या एका वाक्याने नवरा वर्ष खाऊन टाकतो. जयंती मंडळांनी वर्षातून एक दिवस नोंदणीचे शिबिर घेतले तर आमचे निम्मे काम हलके होईल.

जमिनीबद्दल थोडक्यात. कर्जतच्या बाजूला फार्महाऊसवाल्यांनी आणि पनवेल-कर्जतच्या नव्या रेल्वेमार्गाने जमिनीला भाव आणला आहे. भाव आला की भावाला बहीण आठवते. हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने वाटेकरी आहे, वडील त्या दिवशी हयात नसले तरी, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केले. बौद्ध मुलींनाही ते लागू आहे. हक्कसोडपत्र तयार करणाऱ्या वकिलाने बहिणीला एकटीला बसवून, तिच्या भाषेत, तिचा वाटा किती हे सांगितल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, हे उद्दिष्ट बैठकीत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. पुढच्या वेळी पुन्हा मांडणार आहे.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२४ ला आपल्या आवारातल्या वकील संघटनेच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवायला लावल्या. आमच्या छोट्या गटाला तसा हुकूम कोणी दिलेला नाही. तरी वहीची जबाबदारी यंदा दोन ज्युनिअर मुलींकडे आहे, आणि वही ज्याच्याकडे असते त्याला प्रश्न विचारता येतात.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणाचा प्रसार हा तिचा उद्देश कागदावर होता तसा त्या काळच्या अनेक संस्थांच्या कागदावर होता. पण १९२५ उजाडताच सोलापूरला वसतिगृह सुरू झालेले होते. आणि चवदार तळ्याचा दिवाणी दावा डिसेंबर १९२७ मध्ये लागला तो १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात संपला. इतकी वर्षे कोणीतरी तारखा सांभाळल्या, कागद जपले, साक्षीदार उभे केले. महाडच्या मोर्चाचे फोटो आपण लावतो. त्या दाव्याचे काम करणाऱ्यांचे नाव आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे?

आमची पुढची बैठक जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे, त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते. वही त्या दिवशी उघडणार. या दोन तालुक्यांतल्या वाचकांना एक काम सांगते. तुमच्या वस्तीत, वाडीत पोटगीचा आदेश झालेली बाई असेल तर तिला एवढेच विचारा की शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात मिळाले. अकरा महिने होत आले असतील तर बैठकीची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात तिला तालुका विधी सेवा समितीत घेऊन जा. नवरा खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात कामाला असेल तर कंपनीचे आणि ठेकेदाराचे नाव लिहून आणा. हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे आदेश झालेला असेल तर मालकाला पगारातून परस्पर रक्कम द्यायला लावता येते. आदेशाची नक्कल नसेल तर अर्जाचा क्रमांक पुरे. तोही नसेल तर दोघांची नावे आणि साल सांगा, ई-कोर्टवर शोधून काढता येईल.